रेल्वे लाइन्समधला लिंब

सोलापूरच्या रेल्वे लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्याच्या आवारात कडुलिंबाचं झाड आहे. आमच्याकडे त्याला नुसतं लिंब म्हणतात. छातीच्या उंचीवर टेप लावला तर घेर सव्वासात फूट भरतो. जमिनीपासून १४ फुटांवर, रस्त्याच्या बाजूला, खोडात एक ढोली आहे. तोंड ताटलीएवढं. ती ढोली माझ्यामुळे झाली. २००८ च्या मे महिन्यात, सकाळी सातच्या सुमाराला, मी तिथली मांडीएवढी जाड फांदी कापली होती. २० मिनिटं लागली असतील.

सुताराने केलेलं कपाट गिऱ्हाइकाच्या घरात जातं, पुन्हा दिसत नाही. माझी कामं रस्त्याकडेला उभी असतात. सात रस्त्यावरून जाताना, विजापूर रोडने जाताना, होटगी रोडला, प्रत्येक ठिकाणी कुठलं ना कुठलं झाड असतं ज्यावर मी कधीतरी चढलोय. गाडी चालवताना मान आपोआप वर जाते. बायको मागे बसलेली असली की पाठीवर चापट मारते, रस्त्याकडं बघा म्हणून.

त्या दिवशी मी एका ठेकेदाराकडे रोजावर होतो. वय २२. अंगावर नायलॉनचा दोर, कमरेला कोयता, हातात धनुष्याच्या आकाराची करवत. ठेकेदार खालून ओरडत होता, "खोडाला चिकटून घे, खुंटी ठेवू नको." मी तसंच केलं. खालून आधी खाच दिली नव्हती, त्यामुळे फांदी अर्धी कापून झाल्यावर स्वतःच्या वजनाने कलली आणि जाताना खोडाची दोन फूट साल सोलून घेऊन गेली. उरलेलं मी करवतीने तासून सपाट केलं. वरून डांबर फासलं. बंगल्यातल्या काकू बाहेर आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "किती गुळगुळीत झालं रे! भिंतीसारखं." त्यांनी चहा दिला. मला खूप बरं वाटलं होतं. त्या सकाळी मला वाटलं होतं की मला हे काम येतं.

मी पूर्व भागातला. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत मराठी. वडील यंत्रमागावर टॉवेल काढायचे, आई विड्या वळायची. चढायला मला गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने शिकवलं. आम्ही पोरं त्यांना ताता म्हणायचो. तेलंगणातल्या गावी त्यांनी ताडी काढलेली, पुढे सोलापूरला गिरणीत आले. घरात खिळ्याला त्यांचा जुना मोकू टांगलेला असे. मोकू म्हणजे ताडी काढणाऱ्याचा दोर. जाड, पाठीला टेकेल असा, कमरेमागून खोडाभोवती फिरवलेला; आणि पायांसाठी वेगळा छोटा फास. नाल्याकाठच्या शिंदीवर त्यांनी मला पहिल्यांदा चढवलं तेव्हा मी घाबरून खोडाला मिठी मारली आणि सरसर खाली आलो. दोन्ही मांड्या सोलल्या. ताता एवढंच म्हणाले, "वेनक्कु वालू." मागे रेल. खोडाला कवटाळलं की पाय सुटतात. दोरावर भार टाकून मागे रेललं की तळपाय खोडावर दाबले जातात आणि माणूस उभा राहतो. आज माझ्या कमरेला स्टीलची तार आत घातलेला पट्टा असतो, त्याला कडी असते, लांबी कमी-जास्त करायची सोय असते. पण खोडाभोवती तो टाकला की अजूनही तोच शब्द आठवतो, आणि तेलुगूतच आठवतो.

वडिलांकडून एक गाठ आली. मागावर ताण्याचा धागा तुटला की ते यंत्र थांबवून, बघता बघता दोन टोकं जोडायचे. बोटं कशी फिरायची ते दिसायचंच नाही. मी लहानपणी तासन्‌तास बघून ती शिकलो. पुढे पुण्याच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींकडे दोरकाम शिकायला गेलो, तेव्हा बारीक दोरी जाड दोराला जोडायची म्हणून जी गाठ शिकवली ती हीच निघाली. आज उंच फांदीवर दोर चढवायचा असला की आधी बारीक सुतळी वजन बांधून वर फेकतो, ती फांदीवरून पलीकडे उतरली की तिला जाड दोर बांधतो आणि ओढून घेतो. त्या जोडावर वडिलांची गाठ असते.

पुण्याला जायचं कारण मात्र वेगळं होतं. २०१० च्या जूनमध्ये मी पडलो.

गुलमोहर होता. वळवाच्या वाऱ्याने त्याची एक फांदी लोंबकळत होती, ती काढायची होती. वर एक छान सरळ, हिरवीगार, मनगटाहून जाड फांदी होती. तिच्या बुडाशी दोर अडकवला आणि भार टाकला. ती मुळासकट उपटावी तशी खोडातून निघून आली. १२ फूट खाली, कंपाउंडच्या आत, मातीत. माती होती म्हणून वाचलो. गळपट्टीचं हाड मोडलं, डावं मनगट मोडलं. चार महिने घरी. आईच्या विड्यांवर घर चाललं.

हात बरा होत होता तेव्हा मी त्या झाडापाशी जाऊन बसायचो. मला कळत नव्हतं की हिरवी, जिवंत, जाड फांदी अशी कशी निघेल. पुढच्या वर्षी जुळे सोलापुरात एका निवृत्त सरांकडे नारळ उतरवायला गेलो. वनस्पतिशास्त्र शिकवलेले. त्यांना मी ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, चल, दाखव. रिक्षाने आम्ही दोघं गेलो. त्यांनी खाली उभं राहूनच दाखवलं. त्या गुलमोहराचा शेंडा कोणीतरी काही वर्षांपूर्वी आडवा छाटलेला होता. लोक म्हणतात ना, शेंडा मारला. मी जिला फांदी समजलो ती त्या छाटलेल्या तोंडापाशी फुटलेला फुटवा होता. मूळची फांदी खोडाबरोबर वाढते. दरवर्षी खोडाचं लाकूड तिच्या बुडाभोवती चढतं, तिचं खोडावर चढतं, वीण घट्ट होते. फुटवा सालीखालून, वरच्या थरातून येतो. झाडाला पानं हवी असतात, ते घाईने वाढवतं. दिसायला जाड, धरायला वरवरचा. त्यात खाली छाटलेलं तोंड कुजत होतं. मी कुजक्या लाकडाला चिकटवलेल्या काठीवर जीव टाकला होता.

मग सरांनी मला कापायची जागा दाखवली. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते डोळ्यांसमोर होतं. फांदी खोडातून जिथे निघते तिथे बुडाशी फुगीर कडं असतं. सदऱ्याच्या कॉलरसारखं. वरच्या बाजूला, फांदी आणि खोड यांच्या बेचक्यात, साल दुमडून खरबरीत रेघ उमटलेली असते. ते कडं खोडाचं असतं, फांदीचं नाही. कापायचं ते कड्याच्या बाहेरून. कडं कापलं की खोडाला जखम. कडं ठेवलं की फक्त फांदी गेली.

अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शिगो नावाचे संशोधक होते. त्यांनी चेनसॉ घेऊन झाडं उभी चिरली, हजारोंनी, आणि जखमेपासून कूज आत कशी जाते ते पाहत राहिले. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड तो भाग बंद करून टाकतं. जखमेच्या वर-खाली नळ्या बुजवतं, आतल्या बाजूला भिंत घालतं, दोन्ही बगलांना भिंत घालतं, आणि जखमेनंतर जे नवं लाकूड तयार होतं त्याच्या आणि जुन्याच्या मध्ये सगळ्यात मजबूत भिंत घालतं. वर-खालची भिंत सगळ्यात कच्ची, म्हणून कूज खोडात उभी पसरते. जुनं लाकूड कुजलं तर कुजलं. नवं त्याच्याभोवती वाढत राहतं. पोकळ झाड वर्षानुवर्षं हिरवं राहतं ते यामुळे. आणि कापलेल्या तोंडावर डांबर, रंग, शेण काहीही फासलं तरी कूज थांबत नाही. उलट डांबराखाली ओल टिकते.

सर हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे गुळगुळीत भिंत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेल्वे लाइन्सला गेलो. फाटकाबाहेरूनच बघितलं. डांबराला भेगा गेल्या होत्या. जखमेच्या डाव्या-उजव्या कडेला नवी साल जाड होऊन आत वळत होती. वर आणि खाली काहीच नाही. सरांनी हेच सांगितलं होतं. चिकटून कापलं की साल दोन बगलांनाच येते. कड्याबाहेरून कापलं की चारी बाजूंनी बांगडीसारखी येते. पुढच्या काही वर्षांत मी त्या जखमेचं सगळं पाहिलं. मध्ये चीर पडली. एका पावसाळ्यात खालच्या कडेला कानाच्या आकाराचं अळंबं आलं. मग लाकूड भुसभुशीत झालं, तांबट पक्ष्याने तिथे टोचायला सुरुवात केली, आणि एके वर्षी ढोली झाली. काकू फाटकाशी दिसल्या तर मी नमस्कार करून पुढे जायचो. थांबत नव्हतो.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं की चढणं हेच काम आहे.

चढण्याआधी अर्धा तास मी खालीच असतो. झाडाला प्रदक्षिणा घालतो. बुंध्याशी अळंबं आहे का, माती एका बाजूने उचललीय का. आपल्याकडे काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पहिल्या पावसाला फुगते, त्यात गटारासाठी एका बाजूची मुळं तोडलेली असली तर झाड त्या बाजूला धरायला काही उरत नाही. मग बेचकी बघतो. इंग्रजी यू अक्षरासारखं रुंद बेचकं चांगलं. व्हीसारखं अरुंद असेल तर दोन फांद्यांच्या मध्ये साल दाबली गेलेली असते, लाकूड लाकडाला जुळलेलं नसतं. तिथे मी दोर टाकत नाही. लाकडी हातोड्याने खोड ठोकतो. भरीव लाकूड आखूड, कोरडा आवाज देतं. पोकळ असेल तर मडक्यासारखं वाजतं.

खाली मामा असतात. ते माझे मामा नव्हेत, सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही. २० वर्षं सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलल्या. पाठ गेल्यावर माझ्याबरोबर आले. मामांच्या डोळ्यात तराजू आहे. फांदीकडे बघतात आणि म्हणतात, "दीड गोणी." गोणी म्हणजे ५० किलो. एक फूट जाड आणि तीन फूट लांब ओला ओंडका साठ-पासष्ट किलोंचा असतो. मी हिशेब करून सांगेपर्यंत मामांनी "सव्वा गोणी" म्हणून झालेलं असतं. फांदी बांधायची, दोर वरच्या मजबूत बेचक्यातून घ्यायचा, खाली बुंध्याला तीन वेढे द्यायचे आणि टोक मामांच्या हातात. मी कापतो, ते सोडतात. खरं कसब सोडण्यात आहे. दोर एकदम अडवला तर एक गोणीची फांदी पाच गोण्यांसारखी झटका देते आणि तो झटका ज्या बेचक्यातून दोर गेलाय तिथे बसतो, म्हणजे माझ्या डोक्यावर. मामा आधी पळू देतात, मग वेढ्यांवर हळूहळू आवळतात. फांदी जमिनीवर टेकते तेव्हा आवाज येत नाही.

आमचे शब्द ठरलेले आहेत. मी "कापू?" विचारतो. मामा "काप" म्हणाल्याशिवाय करवत लागत नाही. रस्त्यावर कोणी पोर सायकल घेऊन आलं तर "थांब". एवढंच. बाकी वर-खाली बोलायचं नाही. एकदा मोबाईल वाजला म्हणून मामांनी मान खाली घातली, तेव्हा मी वर थांबून राहिलो. खाली आल्यावर मामांनीच मोबाईल माझ्या पिशवीत टाकला. तेव्हापासून तो काम संपेपर्यंत तिथेच असतो.

वर मी दोन दोरांवर असतो. एक वरच्या बेचक्यातून आलेला, ११ मिलिमीटरचा. दुसरा तो कमरेचा पट्टा. कापताना दोन्ही लावलेले पाहिजेत, कारण करवतीला फांदी आणि दोर यांतला फरक कळत नाही. चढण्या-उतरण्याची जी गाठ आहे ती ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक नावाच्या गिर्यारोहकाने १९३१ मध्ये मांडलेल्या गाठीच्या कुळातली. भार पडला की आवळते, भार काढला की सरकते. पण पटकन उतरायला गेलं की घर्षणाने तापते आणि नायलॉन वितळून चकचकीत होतं. तशी चकाकी दिसली की तो तुकडा फेकून द्यायचा. विणकराच्या घरात वाढल्यामुळे दोराच्या बाबतीत मी जरा जास्तच काटेकोर आहे. दर शनिवारी सगळा दोर बोटांमधून काढतो. आतला गाभा कुठे मऊ पडला असेल तर बोटाला कळतं, डोळ्याला नाही.

फांदी कापायची ती तीन वेळा. पहिली खाच खालून, खोडापासून हातभर बाहेर, एक चतुर्थांश जाडीपर्यंत. दुसरी वरून, त्याच्याही थोडी बाहेर. फांदी तुटून जाते, पण साल सोलत नाही, कारण खालची खाच ती अडवते. मग उरलेली खुंटी, तिसऱ्या वेळी, कड्याच्या बाहेरून. तिसरा काप मी हातकरवतीनेच घेतो. चेनसॉने वेळ वाचतो, पण तिथे अर्ध्या इंचाने इकडचं तिकडं होतं. शिवाय चेनसॉच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला लागला तर ती उसळून तोंडाकडे येते. झाडावर मागे सरायला जागा नसते.

मे महिन्यात साडेपाचला निघतो, साडेदहाला खाली. सोलापूरचं ऊन ४३-४४ वर गेलं की कड्या हाताला चटके देतात. खाली आल्यावर मामांच्या डब्यातली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. कांदा कुठल्या आडतीतला असेल हे मामा चवीवरून सांगतात, आणि मी ते मानतो.

आग्यामोहोळ असेल तर काम नाही. कितीही पैसे देऊ करा. वर असताना पिकलेल्या केळ्यासारखा वास आला तर मी सगळं सोडून उतरतो; मधमाशीने डंख मारला की तिच्यातून तसा वास सुटतो आणि बाकीच्या त्या वासावर येतात. विजेची तार १० फुटांच्या आत असेल तर वीजवाल्यांनी लाइन बंद करून, तसं लेखी दिल्याशिवाय चढत नाही. ओली फांदी तारेला लागली तर ती फांदी नसते, तार असते.

जानेवारीतली सिद्धेश्वराची जत्रा, म्हणजे आमचा गड्डा, संपला की फोन सुरू होतात आणि जूनपर्यंत थांबत नाहीत. दहातले आठ फोन एकाच वाक्याचे. "अण्णा, झाड लई वाढलंय, वरून मारून द्या." मी बघायला जातो आणि बहुतेक वेळ नको म्हणण्यात जातो. झाडाचं मुंडण केलं की दोन वर्षांत ते दुप्पट दाट होतं, सगळे फुटवे, आणि पाच-सहा वर्षांनी तेच फुटवे वळवात गाड्यांवर पडतात. मग पुन्हा फोन. एका वेळी चौथ्या हिश्शाहून जास्त हिरवं काढायचं नाही, हा माझा नियम. गिऱ्हाईक म्हणतं, तो दुसरा माणूस तर फुकट तोडून देतो. देतो, कारण तो लाकूड घेऊन जातो. वखारीत लाकडाला भाव आहे. सावलीचा भाव कोणी विचारत नाही, मेमधली दुपार सोडून.

कागदाचाही प्रश्न असतो. माझ्या आवारातलं झाड, मी काहीही करीन, असं लोक म्हणतात. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरातल्या झाडांसाठी कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि कायद्यात तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड चालवणं नव्हे. जाळणं, इजा करणंही त्यात येतं. बुंध्याला भोक पाडून ॲसिड ओतणारे मी पाहिलेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं, आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाएवढी झाडं लावावी लागतात. हे सांगितलं की काही लोक विचारात पडतात. काही दुसऱ्याला फोन करतात.

यंदा मार्चमध्ये काकूंच्या मुलाचा फोन आला. तो पुण्याला असतो. नंबर कोणाकडून तरी मिळाला होता. मी तोच, हे त्याला माहीत नव्हतं. म्हणाला, "आवारातला लिंब पोकळ झालाय. आई एकटी असते. परवानगी काढतो, तुम्ही पाडून द्या."

मी गेलो. काकू आता ऐंशीच्या घरात. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मला ओळखलं नाही. मी खाली पायरीवर बसलो आणि सांगितलं. काकू, २००८ साली तुमची फांदी मी कापली होती. चुकीची कापली. ती ढोली त्यामुळे झाली. मला तेव्हा येत नव्हतं. एवढं बोलायला मला बरीच वर्षं लागली होती आणि बोलून झालं तर चार वाक्यं.

काकू थोडा वेळ झाडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मग आता तूच बघ त्याच्याकडं."

त्या दिवशी चढलो आणि ढोलीत मोबाईलचा उजेड टाकला. आत पिंगळ्याची तीन पिल्लं. पांढऱ्या मऊ पिसांची, डोळे मिचकावणारी. पालक समोरच्या फांदीवर बसून माझ्यावर ओरडत होते. मी उतरलो. मुलाला फोन करून सांगितलं की पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लागणार नाही. तो चिडला. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच्याशी बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी फाटकाकडे गेलो होतो.

एप्रिलच्या अखेरीपर्यंत पिल्लं उडाली. मग मी मोजमाप केलं. ढोलीच्या उंचीवर खोडाची बाहेरून रुंदी २२ इंच. आत पट्टी घालून पोकळी डावी-उजवी ११ इंच, समोरून मागे १५. म्हणजे मागची भिंत ७ इंच, दोन्ही बगला मिळून ११. त्रिज्येचा तिसरा हिस्सा पक्कं लाकूड उरलं असेल तर पोकळ खोड सहसा तग धरतं, असा एक ठोकताळा आहे. इथे तो हिस्सा ४ इंचांहून थोडा कमी. तोंड उघडं असल्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर मी विसंबलो नाही. भिंती ठोकल्या, सळई टोचली. आत दोन बोटं भुसा, त्यामागे कडक. बुंधा भरीव वाजला. मुळांकडे मातीला भेग नव्हती. त्या झाडाने १७ वर्षं माझ्या जखमेभोवती भिंत घातली होती आणि तिच्याबाहेर नवं लाकूड चढवत राहिलं होतं.

पाडायची गरज नव्हती. ढोलीच्या वरून रस्त्यावर गेलेली एक लांब फांदी वाऱ्यात तिथे पिळ देत होती, तिचा भार कमी करायला हवा होता. दोन सकाळी काम केलं. लांब फांदी टोकाकडून मागे घेतली, जिथे तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठी पोटफांदी होती तिथपर्यंत, म्हणजे पुढे तीच शेंडा होईल. आणि ढोलीच्या तीन फूट वर, त्याच बाजूला, मनगटाएवढी एक फांदी दुसरीवर घासत होती. ती काढली.

ती कापताना मामांना म्हटलं, जरा वेळ लागेल. मामा म्हणाले, "लागू दे की, मी काय पळून जाऊलालो का?" कमरेच्या पट्ट्यावर मागे रेललो. खालून खाच, वरून काप, खुंटी. मग बोटाने कडं चाचपलं. सालीवर बारीक सुरकुत्या असतात, जिथे संपतात तिथे करवत टेकवली. खाली तीन फुटांवर जुनी ढोली दिसत होती, काळ्या डांबराचा एक तुकडा अजून वरच्या कडेला चिकटलेला. काप पूर्ण झाला. ताजा, पिवळसर, कडू वासाचा.

काकूंनी व्हरांड्यातून विचारलं, "डांबर नाही का लावायचं?"

"नाही काकू. उघडंच ठेवायचं."

मुलाने पैसे पाठवले ते मी परत केले. मामांचा रोज मात्र माझ्याकडून दिला, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

गणपती झाल्यावर परवा गेलो होतो. दोर टाकून वर गेलो, फक्त बघायला. त्या छोट्या कापाभोवती नव्या सालीची कडा आली आहे, तांबूस, अर्ध्या नखाएवढी. बोट फिरवलं. वर, खाली, दोन्ही बगलांना सारखी. फोटो काढून खाली आणला आणि काकूंना मोठा करून दाखवला.

"हे ओठासारखं काय आलंय रे?"

"नवी साल, काकू."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि मुलाला पाठव म्हणाल्या.